शाळा पाथर्डी फाट्याची की गंगापूर रोडची?

प्रिय मावशी,
नऊ वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला काढून आम्ही मार्चमध्ये नाशिकला परत आलो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. घर पाथर्डी फाट्याला, सासूबाई सोबत असतात. यांना मुलांसाठी गंगापूर रोडच्या पलीकडची, केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डाची शाळा हवी आहे. म्हणतात, उद्या परत जावं लागलं तर अडायला नको. सासूबाई म्हणतात, जवळच्या सीबीएसईत घाला. पण तिथे मुलीला सहावीऐवजी पाचवीत बसवू म्हणाले. ती रात्री रडते, "माझी शाळा तिकडे आहे" म्हणते. सोमवारी केंब्रिजच्या शाळेची फी भरायची शेवटची तारीख आहे. काय करू?
– एक आई, नाशिक

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात "उद्या परत जावं लागलं तर" या शब्दांपाशी अडकले. इथे राहायचं की नाही, हे तुम्हा दोघांचं अजून ठरलेलं नाही, आणि तो निर्णय शाळेच्या फॉर्मवर येऊन पडलाय. तुमची मुलगी रडते त्यात याचाही वाटा असणार. आईबाबाच अर्धे तिकडे असतील तर तिनं इथे मैत्रिणी कशाला करायच्या?

तुझ्या नवऱ्याच्या काळजीत तथ्य आहे, पण उपाय चुकतोय. उद्या खरंच स्टुटगार्टला परत गेलात तर तिथली शाळा जर्मनमध्ये भरणार. तेव्हा कामाला येईल ते मुलांचं जर्मन, आणि ते केंब्रिजच्या शाळेत इंग्रजीतून शिकून टिकणार नाही. ते घरी टिकवावं लागेल. रोज अर्धा तास जर्मन गोष्टीचं पुस्तक, रविवारी तिथल्या मैत्रिणीशी व्हिडिओ कॉल. त्या कॉलनंतर ती रडली तरी तो बंद करू नकोस.

दुसरी गोष्ट शाळांना आधीच सांगून ठेव. परदेशातून आलेलं मूल म्हणजे फाडफाड इंग्रजी बोलणारं, असं इथे सगळे धरून चालतात. तुझी मुलं जर्मनमधून शिकली आहेत. त्यांना इंग्रजी माध्यमच नवीन आहे. मी शाळेत शिकवत असताना असा एक मुलगा माझ्या वर्गात आला होता. तो गप्प बसायचा, आणि महिनाभर आम्ही त्याला हट्टी समजत होतो. त्याला सूचनाच कळत नव्हत्या. आजही आठवलं की वाईट वाटतं.

प्रगतिपुस्तकाचं इंग्रजी भाषांतर करून घे आणि वर ठळक लिही की जर्मनीत 1 म्हणजे उत्तम आणि 6 म्हणजे नापास. नाहीतर तिचे सगळे 1 पाहून कुणीतरी भलताच अर्थ काढेल.

पाचवीला अजिबात हो म्हणू नकोस. अकराव्या वर्षी सहावी हाच तिचा वर्ग. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचा रोखही मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवण्याचाच आहे, आणि प्रवेशासाठी मुलांची चाळणी परीक्षा घ्यायला त्यात मनाई आहे. भांडू नकोस. मुख्याध्यापकांना शांतपणे सांग, "सहावीतच बसवा, भाषेचं आम्ही बघतो." मराठी लिहिता-वाचता येत नाही एवढ्यासाठी मूल वर्षभर मागे ठेवायचं नसतं.

मराठी तर कुठल्याही बोर्डात सुटणार नाही. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत ती सक्तीची आहे. हिंदीही येईलच. पण लिपी एकच, देवनागरी. ती एकदा वाचता आली की दोन्ही दारं उघडतात. मुलं घरी मराठी बोलतात ना? मग निम्मं काम झालंय. हे काम सासूबाईंवर सोपव. रोज संध्याकाळी दुकानांच्या पाट्या, सिटीलिंक बसवरची नावं, भाजीची यादी. नातवंडांना अक्षरं शिकवताना त्याही सुखावतील.

आता अंतराचं. स्टुटगार्टला तुझी मुलगी बहुधा एकटी चालत शाळेत जात असेल, तिकडे तशीच पद्धत आहे. तिचं देश सोडणं एक आणि हे स्वातंत्र्य जाणं दुसरं. पाथर्डी फाट्याहून गंगापूर रोडच्या पलीकडे म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, त्यात 2027 च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं. सात वर्षांचा मुलगा पेंगुळलेला बसमध्ये चढेल आणि पेंगुळलेलाच उतरेल. वर्गातल्या मुलांची घरं शहराच्या दुसऱ्या टोकाला असतील तर संध्याकाळी खेळायला कोण येणार? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जवळची शाळा, वर्ग सहावीच. दोन वर्षांत परतायचं पक्कं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

सोमवारी फी भरू नकोस. जवळच्या शाळेत एखाद्या चालू दिवशी मुलीला घेऊन जा आणि मधल्या सुट्टीत अर्धा तास थांबा. एकट्या बसलेल्या मुलाकडे कुणी जातं का, शिक्षक मुलांना नावानं हाक मारतात का, एवढंच बघा. परतताना गाडी घेऊ नका. घरापर्यंत चालत या, आणि रस्ता तिला दाखवू दे.

– मावशी