शॉकर नवे, लोअर आर्म नवा, तरी खडखड जाईना!

प्रश्न: माझी दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढच्या डाव्या बाजूने सारखी खडखड येते, तीसुद्धा हळू चालवताना, उखडलेल्या डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर. मोठ्या स्पीडब्रेकरवरून सावकाश गेलो तर मात्र काहीच आवाज नाही. गॅरेजमध्ये आधी दोन्ही शॉकर बदलले, मग डावा लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा), आवाज जसाच्या तसा. जॅकवर चाक हलवून बघितलं तर प्ले (ढिलेपणा) नाही म्हणतात आणि आता स्टिअरिंग रॅक बदला म्हणतायत. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: रॅकला, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या भागाला, आत्ता हात लावू देऊ नका. स्पीडब्रेकरवर आवाज येत नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण खरी खूण तीच आहे. पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणारा एक आडवा बार असतो, अँटी रोल बार, आणि बऱ्याच हॅचबॅकमध्ये त्याची टोकं छोट्या लिंक रॉडने शॉकरला जोडलेली असतात. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात, बार नुसता फिरतो, लिंकवर ताण असा येतच नाही. पण उखडलेल्या रस्त्यावर एक चाक वर, एक खाली, मग बार पिळला जातो आणि लिंकच्या टोकाच्या सांध्यातला बॉल झिजला असेल तर तो आतल्या आत आपटत राहतो, खड खड खड. कोकणातल्या पावसात त्यावरचं रबरी बूट (आवरण) एकदा फाटलं की पाणी-चिखल आत जाऊन ग्रीस संपतं आणि बॉल ढिला व्हायला मग वेळ लागत नाही.

आता जॅकवर प्ले का सापडला नाही? एकच बाजू उचलली की बार पिळलेला राहतो, लिंक ताणात अडकून बसते, आणि मग हाताने कितीही हलवा, घट्टच लागणार. म्हणून गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चारही चाकांवर उभी ठेवून खालून लिंक हातात धरून जोरात हलवायला सांगा, बोटांना टक टक लागते. तरी शंका राहिली तर दोन्ही लिंक काढून ठेवा आणि त्याच खराब रस्त्यावर अगदी हळू एक छोटी चक्कर मारा (वळणावर गाडी जास्त झुकते, त्यामुळे हायवेला किंवा घाटात अजिबात नेऊ नका), आवाज गेला तर चोर सापडला. लिंक बदलताना दोन्ही बाजूंच्या बदला, आवाज पत्र्यातून फिरतो, डावीकडे ऐकू येणारा उजवीकडचाही असू शकतो. काही छोट्या गाड्यांना लिंकच नसते, बार थेट लोअर आर्मला बसवलेला असतो, तिथे मग बारचे बुश (रबरी आधार) बघायचे.

लिंक काढूनही आवाज राहिला तर खराब रस्त्यावर ब्रेक हलकासा दाबून बघा, आवाज थांबला तर कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना किंवा पॅड ढिले आहेत. नाहीतर बॉनेट उघडून शॉकरचं वरचं माउंटिंग बघा, शॉकर बदलताना तिथला नट नीट टाइट झाला नसेल तर नव्या शॉकरलाही अशीच खडखड येते. उजव्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा सांधा) मात्र आवाज सापडो न सापडो, कुंभार्ली घाट चढायच्या आधी नक्की तपासून घ्या, लिंक तुटली तर आवाज वाढतो आणि गाडी वळणावर जास्त झुकते, पण बॉल जॉइंट निसटला तर चाकच मुडपतं.

आणि गॅरेजवाल्यांना एक विचाराच, नवा लोअर आर्म बसवला तेव्हा बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले का, की चाक लटकत असतानाच? लटकत असताना आवळले असतील तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं, ते ढिले करून गाडी खाली ठेवून पुन्हा आवळून घ्या आणि मग चाकांचं अलाइनमेंट करा.