गाळाच्या काठावरून

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि ताटल्यांची छायाचित्रे मिळाली. कडा वाकल्या म्हणून तू मातीला दोष दिला आहेस. परंतु माती बदलण्याआधी एक काम कर. उन्हाळ्यात पाझर तलावाचे पाणी जेथे मागे हटते तेथे जा, फोन घरी ठेव आणि सकाळपासून ऊन तापेपर्यंत एकाच जागी बस.

ओल्या गाळावर प्रथम केसाएवढी रेघ उमटते, मग तिला दुसरी येऊन मिळते, आणि ऊन चढले की प्रत्येक तुकड्याच्या कडा वर उचलल्या जाऊन त्याची उथळ वाटी होते. वरचा थर आधी सुकून आकसतो, खालचा ओलाच राहतो, म्हणून कड वर ओढली जाते. तुझ्या ताटलीतही हेच घडते आहे: कडेला वारा लागतो आणि तळ फळीला चिकटून ओला राहतो. कडेवर ओलसर फडके ठेव आणि जरा घट्ट झाली की ताटली उलटी कर. हे मी फार पूर्वी वाचले होते, पण गाळापाशी बसेपर्यंत ते माझ्या हातांना समजले नव्हते.

आणखी एक गोष्ट तेथेच दिसेल. तू ताटलीवर कोरलेल्या भेगा एकमेकींना आरपार छेदतात, म्हणून ती नक्षी खरी वाटत नाही. गाळात पहिल्यांदा सुकताना नवी भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते आणि तेथेच थांबते. ज्याने हे पाहिले आहे त्याचा हात कोरताना आपोआप थांबतो.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना अतोनात आकसते. वैशाखात कापसाच्या रानातल्या भेगांत हात जातो. म्हणूनच कुंभार नदीकाठचा गाळ निवडतो आणि त्यात राख, वाळू किंवा लीद मिसळून मळतो.

जमले तर संत गोरोबाकाका कुंभारांच्या तेर गावाला, म्हणजे प्राचीन तगरला, जाऊन ये. तेथील संग्रहालयातल्या सातवाहनकालीन भाजक्या मूर्तींपाशी घाई करू नकोस. काही मूर्ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन साच्यांत दाबून जोडलेल्या आहेत. चेहऱ्यावरून नजर काढून कुशीवरची सांध्याची रेघ शोध. चित्र काढायचेच असेल तर त्या एका रेघेचे काढ.

भट्टीचेही तसेच. मातीतली गारगोटीची भुकटी थंड होताना ५७३ अंश सेल्सिअसच्या सुमारास एकाएकी आकसते, त्यामुळे निवण्याची घाई भांड्याला तडा देते. तरुणपणी मी एका संध्याकाळी भट्टी वेळेआधी उघडली आणि टणत्कार करून एक रांजण माझ्यासमोर दुभंगला. तेव्हापासून प्रत्येक भांडे मी बोटाने वाजवून पाहतो: पक्के असेल तर खणखणते, आत तडा असेल तर बद्द वाजते. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोण पक्के नि कोण कच्चे ते पारखल्याची कथा तुला ठाऊक आहेच.

मृगाच्या पावसाने तळे भरण्याआधी तेथे जाऊन ये. वाकलेल्या ताटल्या फोडू नकोस. त्यांतली सर्वांत वाकडी एक कापडात गुंडाळून माझ्याकडे पाठव, म्हणजे तिची कोणती बाजू आधी सुकली ते मला पाहता येईल.

तुझा,
सर