टपालाने स्वाक्षरी मागताना ‘आगाऊ आभार’ लिहावं का?

पत्राच्या शेवटी ‘आगाऊ आभार’ चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते लिहू नका. समोरच्याने अजून होकार दिलेला नाही आणि आपण आभार मानून मोकळे! विनंतीचा तगादा होतो तो. ‘सवड मिळाल्यास स्वाक्षरी द्यावी’ एवढं पुरे.

खरं सौजन्य दिसतं परतीच्या लिफाफ्यात, आणि लोक नेमके तिथेच हात आखडता घेतात. सही करायची, लिफाफा चिकटवायचा, टपालपेटीत टाकायचा. यापलीकडे एकही काम समोरच्यावर पडता कामा नये. सहीसाठी आपण पाठवतो त्या ४×६ इंची फोटोला सी-६ लिफाफा (११४×१६२ मिमी) बरोबर होतो. तो बाहेरच्या सी-५ मध्ये (१६२×२२९ मिमी) घडी न घालता बसतो. आपला पत्ता लिहून तिकिटं चिकटवूनच द्या, सुटी ठेवू नका. फोटोच्या मापाचा पुठ्ठा परतीच्या लिफाफ्यातच घाला, म्हणजे तो जाताना आणि येताना दोन्हीकडे कामी येतो. पिन किंवा क्लिप लावू नका, फोटोवर वळ उठतो. परतीच्या तिकिटांसाठी वजन करताना फोटो, पुठ्ठा आणि परतीचा लिफाफा धरा. पत्र तिकडेच राहतं. पत्र परदेशी जाणार असेल तर परतीला त्या देशाची तिकिटं लागतात, आपली तिथे चालत नाहीत. आणि लिफाफ्याच्या मागे कोपऱ्यात कोणाला पाठवलंय ते पेन्सिलीने लिहा. सात-आठ महिन्यांनी लिफाफा आला की नुसत्या सहीवरून नाव लागत नाही.

फोटो मॅट कागदावर छापा. चकचकीत कागदावर बॉलपेन उमटत नाही, नुसता चरा पडतो. मार्करची ओली शाई पुठ्ठ्याला पुसली जाते.

एका पाकिटात पाच-पाच फोटो कोंबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एक पाठवा, फार तर दोन. पाच दिसले की हा विकणारा, असंच कोणालाही वाटणार, आणि त्याची झळ पुढे सरळ मनाने मागणाऱ्यांना बसते. ‘माझ्या नावाने लिहून द्यावी’ असं आवर्जून म्हणा. नाव घातलेली सही सहसा विकत नाहीत, त्यामुळे शंकाच उरत नाही. नाव वेगळ्या चिठ्ठीवर सुटं, ठळक लिहा.

पत्र एका पानाचं, हाताने लिहिलेलं असावं. ‘मी तुमचा फार मोठा चाहता’ हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा त्यांचं कोणतं काम, त्यातली कोणती जागा मनात राहिली, ते दोन वाक्यांत लिहा.

आभार सही हातात आल्यावर, आठवड्याच्या आत. साधं कार्ड, तीन ओळी: काय मिळालं, कोणत्या दिवशी मिळालं, ते कुठे लावलंय. त्यात नवी मागणी नको, परतीचा लिफाफाही नको. नाहीतर आभाराचं पत्रसुद्धा कामच होऊन बसतं.

एक राहिलंच: कोणी ‘टपालाने सही देत नाही’ असं जाहीर केलं असेल तर पाठवूच नका. घरच्या पत्त्यावर तर मुळीच नको. प्रकाशक, संघ, नाट्यगृह किंवा कार्यालयाचा पत्ता वापरा. आणि सही न होता कोरा फोटो परत आला, तरी तो परत पाठवायची तसदी कोणीतरी घेतलेली असते. त्यालाही कार्ड जायला हवं.