बोअरच्या पाण्यात नायट्रेट आढळले आहे. ते उकळून प्यायले तर चालेल का, आणि फिल्टर कोणता घ्यावा?

चालणार नाही. उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट पाण्यात विरघळलेले असल्यामुळे भांड्यातच राहते आणि पाणी जितके आटेल तितके दाट होते. तुरटीचाही उपयोग नाही.

हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच मुद्द्यावरून माझे आणि थोरल्या चुलत्यांचे, म्हणजे आबांचे, बिनसले होते. आमचे गाव चिकोडी तालुक्यात असून घराभोवती ऊस आहे आणि बोअर गोठ्यालगत आहे. धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली असता तिला दूध पुरेसे येईना, म्हणून बाळाला पावडरचे दूध बोअरच्या पाण्यात कालवून दिले जाऊ लागले. मी पाणी तपासून घेतले, तर लिटरमागे ८८ मिलिग्रॅम नायट्रेट निघाले. भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. एवढ्याने तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते आणि अंग निळसर पडू शकते, हे सांगताच आबा म्हणाले, "निम्मे आटवलेले पाणी औषधी असते, तुझे आजोबा तेच प्यायले." तेव्हा मी दोन लिटर पाणी एक लिटर होईपर्यंत आटवले आणि त्याच प्रयोगशाळेत पाठवले. अहवालात १७३ हा आकडा आला. आबांनी तो चष्मा लावून वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि त्याविषयी आजतागायत अवाक्षर काढलेले नाही. आजोबांच्या काळी उसाला युरियाची पोती रिचवली जात नव्हती, हे मीही त्यांना पुन्हा ऐकवले नाही.

आरओ नायट्रेट बऱ्याच अंशी काढतो. कँडल आणि यूव्ही काढत नाहीत. कंपनी तुम्हीच ठरवा, मात्र बसवल्यावर पाणी पुन्हा तपासून घ्या, कारण टीडीएस मीटर केवळ एकूण क्षारांचा अंदाज देतो. घरात तान्हे बाळ असेल, तर आजच दुसरे तपासलेले पाणी आणा. (आंघोळीला आणि धुण्याला बोअरचे पाणी चालते, आणि बाळासाठी आणलेले पाणी जंतूंसाठी उकळून घ्यावेच, हे आधी लिहायला हवे होते.)

परंतु बोअरजवळ उकिरडा असेल तर तो प्रथम हलवा, कारण शेणातून आणि युरियातूनही नायट्रेट जमिनीत झिरपते. आबा सगळा दोष साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर ढकलतात. कारखान्यांना मी निर्दोष म्हणत नाही, पण शेणाचा ढीग आमचा होता आणि युरियाही आमचाच. ढीग गेल्या पावसाळ्यापूर्वी हलला. युरियाची पोती मात्र आबा अजूनही मोजू देत नाहीत.