पाठलागाच्या तक्रारींचा आकडा गोपनीय असतो का?

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत एक विषय वारंवार निघतो. क्लासला आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींच्या मागे दुचाकीवरून येणारी, वळणावर थांबून राहणारी, कुठून तरी मोबाइल क्रमांक मिळवून संदेश पाठवणारी मुले. आपल्या भागात वर्षभरात अशा किती तक्रारी झाल्या, एवढेच विचारण्यासाठी आम्ही तिघी एका पोलीस ठाण्यात गेलो होतो. 'महिलांच्या गुन्ह्यांची माहिती गोपनीय असते' असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. हे योग्य आहे का? हा आकडा मिळवायचा तरी कसा?
(एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर)

उत्तर : तक्रारदार मुलीची ओळख जपायची असते, हे खरे आहे, पण तक्रारी किती झाल्या हा आकडा गोपनीय नाही. ठाण्यात आपल्याला जे सांगण्यात आले, त्यात या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते.

छापील अहवालांत आपल्याला हवा तो आकडा सापडणार नाही, हे आधीच सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात शहरांचे स्वतंत्र तक्ते असतात. परंतु ते २०११च्या जनगणनेनुसार २० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांचे असतात आणि महाराष्ट्रातून त्यांत फक्त मुंबई, पुणे आणि नागपूर येतात. सोलापूर त्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या आसपास होते. राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग पुण्याहून जो वार्षिक अहवाल काढतो, त्यात सोलापूर शहर आयुक्तालय आणि सोलापूर ग्रामीण अशी वेगवेगळी नोंद मिळते. मात्र विजापूर नाका ठाण्यात किती, जोडभावी पेठेत किती, फौजदार चावडीत किती, हे कळायचे तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यालाच हात घालावा लागतो.

अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. हा अधिकार नागरिकाला दिलेला असल्याने अर्ज मंडळाच्या नावाने न करता आपल्यापैकी कोणा एकीच्या नावाने करावा. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, विषय एकच ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा. राज्याच्या नियमांत तशी मर्यादा आहे. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत दुसरे अपील करता येते. तपास चालू असल्याचे कारण देऊन नकार आला, तरी तेथे थांबू नये. माहिती दिल्याने तपासाला नेमका कसा अडथळा येईल, हे दाखवण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर असते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले आहे. आणि नुसत्या संख्येने कोणाचा तपास अडेल, हे समजावून सांगणे कोणत्याही अधिकाऱ्याला अवघडच जाईल.

खरी मेख प्रश्नाच्या शब्दांत आहे. 'पाठलागाचे गुन्हे किती?' एवढेच विचारले, तर उत्तरात एक लहानसा आकडा येईल आणि त्यावरून आपल्या भागात सारे आलबेल आहे, असा समज होईल.

पहिली अडचण कलमांची आहे. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंड संहितेत २०१३ साली, दिल्लीतील २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, कलम ३५४-ड म्हणून आला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ ने घेतली. त्यामुळे दोन वर्षांची तुलना करायची असेल, तर दोन्ही कलमांचा उल्लेख करावा. शिवाय मुलगी १८ वर्षांखालील असेल, तर तिच्या मागे वारंवार जाणे किंवा तिच्यावर पाळत ठेवणे हा लैंगिक हेतूने केलेला प्रकार पॉक्सो म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम ११ खाली लैंगिक छळ ठरतो आणि त्याची शिक्षा कलम १२ मध्ये आहे. आपल्या बैठकीत ज्या मुलींचा विषय निघतो, त्यांतील अकरावी-बारावीच्या बहुतेक मुली याच वयाच्या असणार, आणि त्यांच्या तक्रारी कलम ७८ च्या रकान्यात शोधून सापडायच्या नाहीत.

दुसरी अडचण मोजण्याच्या पद्धतीची आहे. एका प्राथमिक माहिती अहवालात (एफआयआर) अनेक कलमे लावलेली असली, तरी राष्ट्रीय अहवालात त्यांतील सर्वांत गंभीर कलमाखालीच तो गुन्हा मोजला जातो. महिनाभर मागे फिरणाऱ्याने एके दिवशी मुलीचा हात धरला, तर कलम ७४ म्हणजे विनयभंग लागतो आणि तो अधिक गंभीर असल्याने पाठलाग मोजणीतून गळतो. म्हणून 'ज्या गुन्ह्यांत कलम ७८ लावले आहे, मग इतर कलमे कोणतीही असोत' अशी शब्दरचना करावी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी तो थेट नोंदवायचा असतो. तरीही अशी तक्रार पुष्कळदा साध्या अर्जाच्या रूपात घेतली जाते, मुलाला आणि त्याच्या वडिलांना बोलावून समज दिली जाते, कागद अर्ज चौकशीच्या फाइलीत जातो आणि प्रकरण मिटते. काही वेळा मुलीच्या घरच्यांनाच ते तसे मिटायला हवे असते. त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु गुन्ह्यांच्या आकडेवारीत या अर्जांचा मागमूस नसतो. म्हणून अर्जात पुढील मजकूर घालावा : '१ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात आयुक्तालयातील प्रत्येक पोलीस ठाण्यात महिलांचा पाठलाग व छेडछाड यांबाबत आलेल्या लेखी अर्जांची संख्या, त्यांपैकी गुन्हा नोंदवलेल्या, अदखलपात्र म्हणून नोंदवलेल्या व समज देऊन निकाली काढलेल्या अर्जांची संख्या, तसेच दोषारोपपत्र दाखल झालेल्या गुन्ह्यांची संख्या द्यावी.' अशी वर्गवारी तयार नाही, असे उत्तर आले तर नोंदवह्या पाहण्याची मागणी करता येते. नावे झाकून उरलेला भाग दाखवण्याची तरतूद माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये आहे.

आकडा हाती आल्यावर तो वाचताना घाई करू नये. २०१८ साली देशभरात पाठलागाचे ९,४३८ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांतील २,०८८ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. याचा अर्थ येथील मुले सर्वांत वाह्यात आहेत, असा कोणी काढू नये. जेथे मुली ठाण्यात येतात आणि अधिकारी गुन्हा लिहून घेतात, तेथे आकडा फुगतोच. ज्या ठाण्यात अर्ज साठ आणि गुन्हे दोन, त्या ठाण्याची चौकशी मी आधी करीन.

एक खबरदारी घ्यावी. ठाण्यानुसार वर्षाचा आकडा मागितल्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु गल्ली, महिना, मुलीचे वय आणि महाविद्यालय असे बारकावे मागितले, तर एकाच प्रकरणाच्या रकान्यातून ती मुलगी कोण हे शेजाऱ्यांना सहज ओळखता येईल. ग्रामीण भागातील एखाद्या गावापुरती माहिती मागताना तर हे विशेष लक्षात ठेवावे.

प्रश्न : मुलीने पाठलागाची तक्रार दिली, तर तिचा प्राथमिक माहिती अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसेल का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली असे अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला, तेव्हाच लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली. मुलगी १८ वर्षांखालील असेल, तर पॉक्सो कायद्यानेही तिच्या ओळखीला संरक्षण दिले आहे. सज्ञान मुलीच्या बाबतीत मात्र थोडे सावध राहावे. भारतीय न्याय संहितेत कलम ७८ हे 'लैंगिक गुन्हे' या शीर्षकाखाली नसून स्त्रीवरील हल्ला व फौजदारी बलप्रयोग या गटात आहे; पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम ७२ मध्येही त्याचा समावेश नाही. त्यामुळे तिचा अहवाल आपोआप वगळला जाईल असे गृहीत धरू नये. प्रकरण संवेदनशील असल्याने अहवाल संकेतस्थळावर टाकू नये, अशी लेखी विनंती तक्रारीसोबतच द्यावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. हा निर्णय उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते, हेही त्याच वेळी मागून घ्यावे.