आधी ओपनटीटीडी, मग बाकीचं

अरे, जुने टायकून खेळ संगणकावर खेळायचेत ना? मग पहिल्याच दिवशी ओपनआरसीटी२ च्या, म्हणजे करमणूक बाग चालवण्याच्या खेळाच्या खुल्या इंजिनच्या, मागे लागू नकोस. इंजिन (खेळ चालवणारा प्रोग्राम) फुकट आहे, खेळ नाही. नवख्यांची गल्लत नेमकी इथेच होते. त्याला मूळ रोलरकोस्टर टायकून २ च्या फायली लागतात. त्या रीतसर विकत घे. कुठून तरी उतरवलेल्या अर्धवट झिपपायी मी दोन रात्री घालवल्या, आणि शिव्या मात्र इंजिनला दिल्या!

ओपनटीटीडीत, म्हणजे वाहतूक कंपनी चालवण्याच्या खेळात, ही कटकट नाही. मूळ ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स ख्रिस सॉयरने असेंब्ली या संगणकभाषेत लिहिला होता, त्याचा हा खुला अवतार २००४ मध्ये आला. पुढे ओपनजीएफएक्ससारखी मोकळी चित्रं, आवाज, संगीत तयार झालं आणि जुन्या सीडीची गरजच संपली.

नकाशा २५६ बाय २५६ चौकटींचा घे. ४०९६ चा मोह आवर, जुना लॅपटॉप रांगायला लागतो. रुळांवर सध्या पाथ सिग्नलच टाक, ते प्रत्येक गाडीसाठी तिचा मार्ग राखून ठेवतात. एका टप्प्यात एकच गाडी सोडणाऱ्या ब्लॉक सिग्नलची भानगड नंतर. न्यूजीआरएफ (नव्या गाड्या, इमारती वगैरे आणणाऱ्या जोड-फायली) काय हवेत ते खेळ सुरू करण्याआधीच ठरव. चालू खेळात ते बदललेस तर सेव्ह बिघडू शकते. माझी चाळीस वर्षांची रेल्वे कंपनी अशीच गेली.