प्रबंधातला बायबल-कुराण तक्ता आधी बाजूला ठेवा

ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांच्या तुलनेवरच्या प्रबंधासाठी बायबल एका रकान्यात, कुराण दुसऱ्यात असा तक्ता केलात आणि सूरह मरियममधलं (कुराणाच्या मरियमवरच्या अध्यायातलं) खजुराचं झाड, ज्याखाली ती प्रसूत होते, ते शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) सापडेना म्हणून अडलात, हे वाचलं. नेमकं इथेच माझं एक वर्ष गेलं.

मी तेव्हा "कुराणात मूळ कथा बदलली" असं लिहून मोकळा झालो होतो. मूळ म्हणून धरली होती फक्त बायबलमधली चार शुभवर्तमानं: मत्तय, मार्क, लूक, योहान. कुराणात (अध्याय ३, आयत ४९ आणि ५:११०) ईसा, म्हणजे येशू, मातीचा पक्षी करून त्यात फुंकर घालतात. तसाच प्रसंग थॉमसच्या नावावरच्या बालपणाच्या शुभवर्तमानात आहे, आणि ते बायबलमध्ये घेतलेलंच नाही. खजुराच्या झाडाची कथाही ख्रिस्ती परंपरेत सापडते, फक्त तिथे ती इजिप्तच्या वाटेवर घडते. अरबस्तानाभोवती नांदत होते ते बरेचसे सुरियानी (सिरियाक भाषेत उपासना करणारे) आणि हबशी (इथिओपियाचे) ख्रिस्ती. ४३१ च्या एफेसस आणि ४५१ च्या खाल्केदोन या धर्मपरिषदांतल्या, येशूच्या स्वरूपावरच्या वादांत त्यांच्या मंडळ्या रोम-कॉन्स्टँटिनोपलपासून दुरावल्या. तुमच्या आराखड्यात नजरान (दक्षिण अरबस्तान), हिरा (इराकमधलं शहर), अक्सूम (इथिओपिया) ही ख्रिस्ती ठिकाणांची नावंच नाहीत! मक्केतल्या पहिल्या मुसलमानांना आसरा मिळाला तो हबशी ख्रिस्ती राजाकडे.

हे कळलं तेव्हा शीर्षक बदलायचा अर्ज केला. विभागाच्या कार्यालयात तो चार महिने पडून राहिला आणि "नमुना जुना आहे" म्हणून परत आला. ते सांगायला पहिल्याच दिवशी काय हरकत होती? आजही राग येतो. शीर्षक नोंदवतानाच मोकळं ठेवा.

फरकांबद्दल माझं मत सांगतो. मी धर्मगुरू नाही, मौलवीही नाही. अरबी जेमतेम वाचतो. बहुतेक जण येशूच्या देवत्वापाशी थांबतात. तो फरक मोठाच आहे. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात क्रूसावरचा मृत्यू आणि पुनरुत्थान यांवर सारी श्रद्धा उभी करतो. कुराण (४:१५७) क्रूसावर मारल्याचंच नाकारतं. पण मला सत्तेचा फरक अधिक खोल वाटतो. ख्रिस्ती मंडळ्यांनी पहिली जवळपास तीनशे वर्षं रोमन साम्राज्यात राजाश्रयाविना काढली. इकडे ६२२ च्या हिजरतीनंतर (मुहंमद पैगंबरांच्या मक्केहून मदिनेला स्थलांतरानंतर) मदिनेत थोड्याच वर्षांत उपासना, तह, लढाया, वारसाहक्क सगळं एकाच जमातीच्या हाती आलं. कायद्याकडे बघण्याची दोघांची रीत वेगळी का, हे तिथून शोधा.

"उसनं घेतलं" हा शब्द मात्र टाळा. श्रद्धावानासाठी कुराण हे ईश्वरी प्रकटीकरण आहे. इतिहासकाराने सामायिक कथाविश्व म्हणावं, एवढं पुरतं.

जेरुसलेमच्या कुब्बतुस्सखराचा (डोम ऑफ द रॉक या वास्तूचा) शिलालेख नक्की घ्या. त्यात मरियमपुत्र ईसाला अल्लाहचा प्रेषित म्हटलंय आणि 'तीन' म्हणू नका (म्हणजे त्रैक्य मानू नका) असं किताबवाल्यांना, इथे ख्रिस्ती लोकांना, बजावलंय. साल ७२ हिजरी. हिजरी वर्ष चांद्र असतं, तेव्हा त्यात सरळ ६२२ मिळवू नका. ते साल ६९१-९२ येतं, मी ६९४ लिहिलं होतं. दोन्ही ग्रंथांतल्या नावांची सूचीही आजच करा: जखऱ्या म्हणजे जकरिया, बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे यह्या.